आमची किशोरी आणि ठमाबायचं रक्त

थळच्या कोळीवाड्यात मला रघू बर्फवाला म्हणतात. शिक्षण आठवी. पण थळ, वरसोली, रेवदंडा, तिन्ही बंदरांवर बर्फ माझाच जातो आणि मुंबईच्या बाजाराला मासळी माझ्याच गाडीतनं जाते. माझ्या खोक्यातला पापलेट चौथ्या दिवशी उघडा, डोळा काचेसारखा. खोटं वाटत असलं तर कोणालाबी विचारा. पण हे लिखाण माझ्यावर न्हाय. माझी धाकटी बहीण किशोरी, तिच्यावर हाय. आमच्या अख्ख्या कोळीवाड्यात रक्त तपासायचा डिप्लोमा घेणारी ती पहिली पोरगी. दुसरी आजपर्यंत झाली न्हाय.

अलिबागच्या एका लॅबमध्ये तिनं अकरा वर्षं काढली. म्हाताऱ्या माणसांच्या नसा सापडत न्हाईत, पोरं हात ओढून घेतात, असलं सगळं गिऱ्हाईक तिच्याकडं यायचं. एकदा मी बघत बसलो होतो. पेशंटच्या हाताकडं तिचं लक्षच नव्हतं, म्हातारीशी गप्पा मारत होती आणि बोट नुसतं कोपरात फिरत होतं. म्हातारी म्हणाली, "घे की गं रक्त, किती वेळ." तर ही म्हणते, "आजी, घेऊन झालं." असा हात. मुंबईतल्या मोठ्या दवाखान्यांतपण मी हात बघितलेत, असा बघितला न्हाय.

२०२१ च्या एप्रिलात लॅबच्या बाहेर रस्त्यापर्यंत रांग असायची. त्यातच तिला करोना झाला. ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड लागलं, साखर चारशेवर गेली. त्यातनं बरी होऊन घरी आली आणि अकराव्या दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "दादा, माझा डावा गाल बधिर झालाय." उठली, टॉर्च घेतला, आरशात तोंड उघडून टाळू बघितला. मग टॉर्च बंद केला, कपडे पिशवीत भरायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काळी बुरशी आहे. गाडी काढ. उद्या नको, आत्ता."

डॉक्टरनं सांगायच्या आधी हिनं ओळखलं. मुंबईच्या डॉक्टरांनी नंतर मला स्वतः सांगितलं, एक दिवस उशीर झाला असता तर बुरशी मेंदूत गेली असती.

डावा डोळा काढला. गालाचं हाड काढलं. वरचा जबडा डाव्या बाजूनं अर्धा काढला, टाळूसकट. त्या बुरशीवरची इंजेक्शनं तेव्हा कुठं मिळत नव्हती. मी बासष्ट आणली. पनवेल, ठाणे, पुणे, चार तर सुरतेहून. त्या वॉर्डात कोणाच्या भावानं बासष्ट आणली नव्हती. इंजेक्शन चढलं की किशोरीची खाट हलायची एवढी थंडी भरायची. मी पायावर बसून राहायचो.

तिच्या बाजूच्या खाटेवर रेवदंड्याची ठमाबाय होती. आमच्यातलीच, कोळीण, वय साठच्या आतबाहेर, बोंबील वाळवून विकायची. तिचापण डावाच डोळा गेला होता आणि टाळू. तिचा मुलगा हरेश्वर वरच्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात होता. आईला आणि मुलाला एकदम करोना, एकदम बुरशी. इंजेक्शनं दोघांना सारखी, डॉक्टर तोच. हरेश्वर चौतीस वर्षांचा, होडीवर वल्ही मारलेला, बैलासारखा गडी. तो गेला. आणि साखरेनं पोखरलेली म्हातारी उरली.

सून नूतन खाली येऊन सासूला सांगायला उभी राहिली, तेव्हा तिच्या तोंडातनं शब्द फुटेना. किशोरीनं पडद्याआडनं बघितलं आणि तीच उठून ठमाबायच्या खाटेवर बसली. ठमाबायनं तिच्याकडं बघितलं, नूतनकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. त्यानंतर ती वॉर्डात कोणाशी एक अक्षर बोलली न्हाय. घरी जातानासुद्धा न्हाय.

किशोरी घरी आल्यावर लॅबवाल्यानं तिला परत घेतलं न्हाय. म्हणाला, पेशंट घाबरतात. मी जाऊन त्याच्या काउंटरवर हात आपटून आलो, रांगेतली माणसं उठून उभी राहिली. किशोरीला कळल्यावर तिनं मला तीन दिवस जेवायला वाढलं न्हाय. "तो खोटं बोलला नाही दादा. काल एक पोर माझ्याकडं बघून रडलं." एवढंच म्हणाली.

दीड वर्ष ती घरात बसून होती. टाळूला भोक असतं ना, तिथं प्लास्टिकची पट्टी बसवतात. पट्टी सैल झाली की पाणी नाकातनं येतं, बोलणं गेंगाणं होतं. ती बाहेर जाणंच बंद झाली. माझ्या बायकोनं किती सांगितलं, लग्नाला चल, बारशाला चल. न्हाय.

मग डॉक्टर अनुयाचा फोन आला. किशोरीचं ऑपरेशन करणाऱ्यांतली ही तरुण डॉक्टर. तिनं मुंबईत एक काम काढलं होतं. काळ्या बुरशीतनं जगलेल्या माणसांचं रक्त घ्यायचं आणि त्यातल्या पांढऱ्या पेशींना ती बुरशी आठवते का ते मोजायचं. मला किशोरीनं समजावलं, मी तुम्हाला सांगतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, जिवंत. बारक्या खड्ड्यांची एक प्लेट असते, त्यात त्या ठेवायच्या. मग त्यांना मेलेली बुरशी दाखवायची. ज्या पेशीनं ती बुरशी पूर्वी बघितलीय, मार दिलाय किंवा मार खाल्लाय, ती पेशी ओळखते आणि एक रस सोडते. जिथं रस सोडला तिथं प्लेटीवर टिपका उमटतो. टिपके मोजायचे. कोणाचे दोनशे येतात, कोणाचे पाच. मग कळेल की जगणाऱ्यांच्या अंगात असं काय होतं. सगळं गणित एका गोष्टीवर, पेशी लॅबमध्ये जिवंत पोचल्या पाहिजेत.

रायगडातली माणसं शोधायला अनुयाला कोणीतरी पाहिजे होतं. किशोरी तयार झाली.

आणि काय काम केलं हो तिनं! ही माणसं दार उघडत न्हाईत. तोंड झाकून घरात असतात. पालीला एक मास्तर होते, दोन वर्षांत देवळात गेले नव्हते, देऊळ दारासमोर. किशोरी दारात जायची, मास्क काढायची, काळा चष्मा काढायची आणि पाणी मागायची. पाणी प्यायला लागली की थोडं नाकातनं यायचं. ती लपवायची न्हाय, पदरानं पुसायची आणि परत प्यायची. पालीचे मास्तर बघत राहिले आणि म्हणाले, "माझ्यापण येतं." मग हातावरची बाही त्यांनी स्वतःच वर केली. अशी बावीस माणसं तिनं जमवली. मुंबईच्या शिकलेल्या पोरांनी दोन जिल्ह्यांत मिळून नऊ जमवली होती.

एकच दार उघडत नव्हतं, ठमाबायचं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा ठमाबाय ओट्यावर बोंबलांची पाटी घेऊन बसलेली. किशोरीला बघून पाटी उचलली आणि आत गेली. "त्या वॉर्डातलं तोंड मना बघायचं नाय," एवढं आतनं ऐकू आलं. दुसऱ्यांदा नूतननं चहा दिला, सासू आली न्हाय. तिसऱ्यांदा किशोरीनं मला गाडीतच बसायला सांगितलं आणि एकटी गेली. मी काच खाली करून ऐकत होतो.

किशोरी बोलतच न्हाय, नुसती ओट्यावर बसून बोंबील उलटे करायला लागली. बऱ्याच वेळानं ठमाबायच बोलली.

"कवाधरनं बसलंस? घर नाय तुना?"

"आहे की काकी."

"मंग जा."

"जाते. एवढी पाटी होऊ दे."

"उलटं टाकतंस, शेपूट बाहेर घे. लॅबमधी शिकलीस तरी कोळणीला बोंबील येत नाय," ठमाबाय म्हणाली. मी गाडीत हसलो. मग ठमाबायनं आवाज खाली केला. "मना एक सांग. हरेश्वर माझ्या पोटचा. माझंच रक्त त्याच्या अंगात. एकाच ताटातलं खाल्लं, एकच रोग झाला, सुया त्याच. तो गेला आन् मी म्हातारी उरली. माझ्यात असं काय होतं जे मी त्याला दिलं नाय?"

ती खोटं बोलायची न्हाय, हा तिचा आणि माझा फरक. मी असतो तर रक्तात उत्तर मिळेल म्हणून सांगून टाकलं असतं.

"उत्तर मिळेलच असं मी म्हणत नाही काकी. पण तुमच्या रक्तात काय दिसलं ते मी स्वतः येऊन सांगेन. कागद पाठवणार नाही. मी येईन."

"तूच घेनार रक्त?"

"मीच."

"दुसऱ्या कुनी हात लावायचा नाय. तुना माहिती हाय त्या खाटेवर काय होतं ते. म्हनून देते."

हे सगळं मी माझ्या कानानं ऐकलंय.

मे महिन्यातला शेवटचा आठवडा. किशोरीनं सकाळी साडेसातला ठमाबायचं रक्त घेतलं. पहिलं बोटातनं थेंब घेऊन हिमोग्लोबिन बघितलं, साडेआठ आलं, नियमात जेमतेम बसत होतं. मग सहा नळ्या. नेहमी किशोरी नळ्यांचा डबा मांडीवर घेऊन मांडव्याहून लाँचनं मुंबईला जायची, दुपारच्या आत लॅबमध्ये. त्या दिवशी वाऱ्यामुळं लाँच बंद. त्यात ठमाबाय उठायला गेली आणि डोळे फिरून खाली बसली. घामानं भिजली. किशोरी तिला सोडून जाईना.

मी रेवदंड्याला बर्फ टाकून मासळी भरत होतो. गाडी मुंबईला चाललीच होती. किशोरी बंदरावर धावत आली, हातात निळा डबा.

"दादा, हा डॉक्टर अनुयांच्या हातात दे. दुसऱ्या कुणाच्या नाही. केबिनमध्ये ठेव, उन्हात नको. उघडू नको."

"बारा वाजता पोचतो," मी म्हटलं. "रघूची गाडी हाय."

वडखळला गाडी अडकली. नाक्याच्या पुढं एक ट्रेलर आडवा झाला होता. दीड तास चाक हललं न्हाय. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. केबिनमध्ये हात लावून बघितलं, डबा गरम. अगदी भाकरीच्या टोपल्यासारखा. ठमाबायचं रक्त, किशोरीची एवढी मेहनत, आणि ते माझ्या गाडीत नासणार? मी बर्फवाला! माझ्या गाडीत आजपर्यंत एक बोंबील नासला न्हाय!

मी मागं गेलो. पापलेटचं खोकं उघडलं. डबा उघडायचा न्हाय म्हणाली होती, पण बंद डब्यात गारवा जाणार कसा? नळ्या काढल्या, स्वच्छ पिशवीत घातल्या, पिशवीला गाठ मारली. बर्फाचा चुरा खाली, पिशवी मधे, वर परत चुरा. आणि वरून दोन मुठी मीठ मारलं. आम्ही लांबच्या मालाला तसंच करतो. मीठ मारलं की बर्फाचा गारवा दुप्पट होतो, माल दगडासारखा राहतो. हे मी माझ्या बापाकडून शिकलो, तो त्याच्या बापाकडून. मग शांतपणे केबिनमध्ये बसलो. खरं सांगतो, मला लई बरं वाटलं.

दीडला लॅबमध्ये पोचलो. डॉक्टर अनुया दारातच वाट बघत होती. मी पिशवी टेबलावर ठेवली. "घ्या मॅडम. गाडी अडकली होती, पण मालाला धक्का न्हाय. हात लावून बघा."

तिनं हात लावला आणि काढला. नळ्या पांढऱ्या पडल्या होत्या, आतलं रक्त घट्ट.

"हे बर्फात होतं?"

"बर्फात आणि मिठात," मी म्हटलं. "नुसता बर्फ वडखळच्या उन्हात टिकत न्हाय."

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "रघूदादा, हे रक्त साध्या खोलीतल्या हवेइतकंच ठेवायचं असतं. गोठलं की पेशी फुटतात."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुमच्याकडं उन्हात किती माल नासतो ते मला माहिती हाय. जगात बर्फानं काय खराब झालंय? माझ्या बर्फातली मासळी मोठमोठ्या हॉटेलांत जाते. तुमच्या पोरांनीच नळ्या नीट दिल्या नसतील. मी बराच आवाज केला. दोन पोरी दुसऱ्या खोलीतनं बघायला आल्या.

अनुया चिडली न्हाय. नळ्यांतलं रक्त वितळू दिलं. वरचं पाणी पिवळं यायला पाहिजे होतं, ते लाल आलं, गडद. मग तिनं मला पेशी बघायच्या दुर्बिणीपाशी बसवलं. पहिल्यांदा दुसऱ्याच कोणाच्या पेशी दाखवल्या. गोल, चकचकीत, कडा स्वच्छ. "या जिवंत. यात निळा रंग टाकलाय, पण जिवंत पेशी रंग आत घेत नाही." मग काच बदलली. "या ठमाबाईंच्या."

सगळं निळं. काही गोल होत्या, काही नुसत्या चिंध्या. मी दुर्बिणीचं चाक फिरवून कडेपर्यंत बघितलं, एक तरी चकचकीत असंल म्हणून. मेलेली मासळी ओळखायला मला कोणी शिकवायला नको. मी उठलो.

"आता हिला बुरशी दाखवून उपयोग न्हाय?" मी विचारलं.

"नाही दादा. मेलेल्या पेशीला काय दाखवणार?"

मी किशोरीला फोन केला न्हाय. अनुयानं केला. मी घरी पोचलो तेव्हा ती तांदूळ निवडत बसली होती. मी दारात उभा राहिलो, म्हटलं आता ओरडंल. तिनं फक्त विचारलं, "मीठपण टाकलंस?"

"व्हय."

"मी सांगायला हवं होतं. मी नेहमी स्वतः नेते, म्हणून सांगायचं डोक्यातच आलं नाही. आणि तुझ्या हातात देताना तरी आठवायला हवं होतं मला, की तू बर्फवाला आहेस."

ती परत तांदूळ निवडायला लागली. मी जेवलो न्हाय त्या दिवशी.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघं रेवदंड्याला गेलो, परत रक्त मागायला. मधल्या दिवसांत ठमाबायला ताप येऊन गेला होता. त्या इंजेक्शनांनी तिची किडनी आधीच गेलेली, पाय सुजले होते, ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. नूतन पायाला तेल लावत होती.

"आयलीस? काय दिसला माझ्या रक्तात?" ठमाबायनं लगेच विचारलं. रोज वाट बघत होती म्हणे.

किशोरी तिच्यासमोर खाली बसली. "काही दिसलं नाही काकी. रक्त लॅबमध्ये पोचायच्या आधीच खराब झालं. माझी चूक झाली."

मी मागं उभा होतो. माझं तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं. ओट्याच्या बाजूला तीन-चार बायका मासळी साफ करत होत्या, सगळ्या मला ओळखतात, सगळ्यांचा बर्फ माझा. मी तोंड मिटलं.

ठमाबाय म्हणाली, "सहा नळ्या नेलीस माझ्या."

"हो काकी."

"एक डोळा गेला तर दुसरा तरी उघडा ठेवायचा, पोरी. माझ्या पोऱ्याचा नाव घेऊन दिला होता मी ते रक्त. फुकट घालवलंस."

बायकांपैकी एक हसली. किशोरी हलली न्हाय. ठमाबायनं स्वतःच हात पुढं केला. "घे. परत घे. अजून आठ दिवस जगते का नाय मना माहिती नाय. आता घे."

किशोरीनं बोटातनं थेंब घेतला. यंत्र बघितलं. परत दुसऱ्या बोटातनं घेतला.

"किती आला?"

"सहा. काकी, मला घेता येणार नाही."

"का?"

"तुमच्या अंगात रक्त कमी आहे. एवढं काढलं तर तुम्हाला त्रास होईल. नियम आहे."

"माझा रक्त, मी देते! तुझा कसला नियम? तुझ्या नियमानंच ते नासवलंस ना!"

"नाही घेणार काकी," किशोरी म्हणाली. तिचा आवाज गेंगाणा झाला होता, पट्टी हलली असंल किंवा रडू. "दवाखान्यात चला. रक्त चढवू. मी सोबत येते."

"तुझ्यासोबत? आता तुझ्यासोबत मी मसनात पन येनार नाय."

परत येताना गाडीत मी म्हटलं, "तू का घेतलंस अंगावर?"

"डबा माझ्या ताब्यात होता. कुणाच्या हातात दिला, तो माझा निर्णय. दुसरं कुणी असतं तरी मी हेच सांगितलं असतं." मग खिडकीतनं बाहेर बघत म्हणाली, "तुला बोलायचं असतं तर तू बोलला असतास."

ठमाबाय आषाढात गेली. त्या भेटीनंतर पंचवीस दिवस काढले तिनं. मधे नूतननं तिला अलिबागला नेऊन दोन पिशव्या रक्त चढवलं, पण दुसऱ्याचं रक्त अंगात गेल्यावर तिच्या पेशी मोजण्यात अर्थ राहिला न्हाय, असं अनुयानं सांगितलं. किशोरी रोज नूतनला फोन करायची. ठमाबायनं फोन एकदापण घेतला न्हाय. ती मात्र रेवदंड्याच्या मासळी बाजारात, बसवत होतं तोपर्यंत, येईल त्या बाईला सांगायची, थळच्या किशोरीनं माझ्या हरेश्वरच्या नावाचं रक्त नासवलं. ते पसरलं. रेवदंड्याची एक बाई आणि पलीकडच्या गावातला एक माणूस, दोघं किशोरीला होय म्हणाले होते. दोघांनी दार लावून घेतलं.

दिवाळीनंतर आकडे आले. बावीस माणसांपैकी काहींच्या पेशी बुरशी बघून पेटतात, काहींच्या गप्प राहतात आणि तरी ती माणसं जिवंत हायत. का, ते अनुयालाही अजून माहिती न्हाय. किशोरीनं बावीसच्या बावीस घरी जाऊन प्रत्येकाला त्याचं त्याचं सांगितलं. पालीच्या मास्तरांकडंपण गेली. आणि शेवटी रेवदंड्याला नूतनकडं जायला निघाली.

"तिथं सांगायला तुझ्याकडं काय हाय?" मी विचारलं.

"काही नाही. पण मी येईन म्हणाले होते."

मी गाडी काढली. नूतन ओट्यावर एकटीच होती. किशोरीनं तिला सगळं समजावलं, टिपके, पेशी, बावीस माणसं. आणि म्हणाली की काकींचं मात्र माझ्याकडं काही नाही. नूतननं मान हलवली. चहा टाकते म्हणाली.

तेव्हा मी बोललो. बसूनसुद्धा न्हाय, उभ्यानं. "नूतन, रक्त किशोरीनं नासवलं न्हाय. मी नासवलं. वडखळला मीठ मारून बर्फात घातलं. हिनं उघडू नको सांगितलं होतं."

नूतन परत खाली बसली.

"तुम्ही त्या दिवशी इथंच होतात ना? आई बोलत होत्या तेव्हा?"

"होतो."

"त्यांना शेवटी शेवटी रात्री झोप लागायची नाही. किशोरीला शिव्या द्यायच्या. आणि मग मला म्हणायच्या, तीच एक होती गं त्या वॉर्डातली, जी माझ्या खाटेवर बसली." तिनं माझ्याकडं बघितलं. "मला सांगून काय उपयोग रघूदादा? मला काय करायचंय? जिथं त्या बोलल्या तिथं जाऊन बोला."

किशोरी म्हणाली, "नको नूतन. राहू दे."

नूतन म्हणाली, "राहू कशाला द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेवदंड्याच्या बाजारात गेलो. नेहमीसारखा बर्फ उतरवला. बायका पाट्या लावून बसल्या होत्या, वीस-पंचवीस असतील. मी मधे उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं. माझा आवाज मोठा हाय, बंदराच्या टोकापर्यंत जातो. ठमाबायचं रक्त मी नासवलं, किशोरीनं न्हाय, आणि ती ठमाबायसमोर माझ्यासाठी खाली बसली तेव्हा मी गप्प उभा होतो.

सखुबाई म्हणून एक म्हातारी हाय, ती सुरी न थांबवता म्हणाली, "मीठ मारलंस काय रं रक्ताला? सुकवनार होतास?" दोघी-तिघी हसल्या. बाकीच्यांनी मान वर केली न्हाय. एकीनं विचारलं, बर्फाची लादी आज छोटी का. मी म्हटलं, छोटी न्हाय, मोजून बघ.

ज्या दोन माणसांनी दार लावलं होतं, त्यांच्याकडं मी स्वतः जाऊन सांगून आलो. किशोरी त्यानंतर दोनदा जाऊन आली. रेवदंड्याच्या बाईनं दार अजून उघडलेलं न्हाय. किशोरी म्हणते, तिसऱ्यांदा जाईन.